उंच माणसाला बसेल अशी प्लेबोट कोणती? (६ फूट ३ इंच, ८४ किलो, बूट १२ नंबर)

रामबागकर
नमस्कार मंडळी. मी इंदूरचा. कयाकिंग ऋषिकेशला शिकलो, दोन हिवाळे झाले. उजवा रोल (उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं) पक्का आहे, डावा दहात सात वेळा लागतो. आतापर्यंत तिकडे भाड्याने मिळतात त्या क्रीक बोटी चालवल्या, मोठ्या, पोट सुटलेल्या, त्यात पाय मजेत मावतात. पण आता मला लाटेवर खेळायचंय. स्पिन (जागेवर गोल फिरणं), कार्टव्हील (बोट उभी करून आळीपाळीने दोन्ही टोकं पाण्यात घालणं), पुढे कधीतरी लूप (नाकावरून पुढे कोलांटी). त्यासाठी स्वतःची प्लेबोट, म्हणजे अशा कसरतींची छोटी बोट, घ्यावी असं मनात आहे आणि घ्यायची तर एकदाच, कारण पैसे वर्षभर जमवून राहिलोय.

अडचण अशी. ओळखीतल्या एकाच्या मिडियम प्लेबोटीत बसून बघितलं. कंपनीच्या वजनाच्या तक्त्यात ८४ किलो मिडियममध्ये अगदी शेवटाला येतं आणि लार्जमध्ये सुरुवातीला. पण तक्ता पायाबद्दल काहीच बोलत नाही! कंबर बसली, मांड्या बसल्या, पाऊल काही केल्या सरळ जाईना. टाच टेकवली की पायाची बोटं डेकला (बोटीच्या वरच्या पृष्ठभागाला) आतून घासतात, पाऊल आडवं केलं की घोटा दुखतो. दहा मिनिटांत दोन्ही पाय झोपले. तिथला एक जण म्हणाला लार्ज घेशील तर टोकं पाण्याखाली जाणारच नाहीत, नुसता बुचासारखा तरंगशील.

तर वजन बघून मिडियम घ्यावी की पाय बघून लार्ज? तुमच्यात कोणी सहा फुटाच्या वर असेल तर नक्की लिहा.

मांडवी_गेट
६ फूट १, वडोदरा. मीही याच फेऱ्यातून गेलोय, रात्री निवांत लिहितो. तोवर काही विकत घेऊ नका.

कुंडलिका_काठी
लार्ज घ्या आणि विषय संपवा. पाय झोपलेला माणूस रोल करू शकत नाही. मी दर शनिवार-रविवार कोलाडला असतो, भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी पाणी सुटतं त्यावर आमचं सगळं चालतं. छोट्या बोटीत कोंबून बसलेले उंच लोक दुसऱ्याच रॅपिडला काठावर बसून पाय चोळताना दिसतात.

ट्रेंट_काठचा
विषय इतक्यात नको संपवायला. मी मूळचा इंदूरचा, सध्या नॉटिंगहॅमला, होम पिअरपाँटच्या कृत्रिम कोर्सवर जातो, २०२२ची फ्रीस्टाइल (याच कसरतींची) जागतिक स्पर्धा झाली तेच ठिकाण. माझी उंची साधारण तेवढीच.

थोडं गणित करू, मग तक्त्याची भीती जाईल. वेव्ह स्पोर्टची प्रोजेक्ट एक्स नावाची जुनी प्लेबोट आहे, तिच्या साइजची नावंच ४८, ५६ आणि ६४. हे आकडे म्हणजे गॅलनमधलं आकारमान. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, म्हणजे ५६ची बोट सुमारे २१२ लिटर आणि ६४ची सुमारे २४२ लिटर. आता तुम्ही ८४ किलो, बोट पंधराएक किलो, हेल्मेट-जॅकेट-स्प्रेडेक (कमरेभोवती घालून बसायची जागा झाकतो तो पडदा) आणि आत शिरलेलं थोडं पाणी धरून सगळं मिळून १०५ किलो समजा. एक लिटर पाणी एक किलोचं. तर २१२ लिटरची बोट जवळजवळ निम्मी पाण्यात बसेल आणि २४२ लिटरची ४३ टक्के. फरक एवढाच. टोक बुडवायला मोठ्या बोटीत जोर जास्त लागेल हे खरं, पण "बुडणारच नाही" हे खरं नाही. शिवाय लूपसाठी तीच हवा कामाला येते, दाबलेलं नाक पाणी तुम्हाला वर फेकून परत करतं. कार्टव्हीलला छोटी बोट बरी, लूपला मोठी बरी. आणि उंच माणसाचं धड लांब असतं, पुढे झुकलं की नाकावर जोर चांगला पडतो. हा फायदा कोणी सांगत नाही.

रामबागकर
वा, असं गणित कोणी समजावूनच दिलं नव्हतं. मग ४३ टक्क्यांवाल्या बोटीत कार्टव्हील शिकता येईल का?

ट्रेंट_काठचा
येईल. वेळ जास्त लागेल. पहिले काही महिने सपाट पाण्यात शेपूट बुडवायचा सराव करा, तिथे मोठ्या बोटीत तंत्र चुकलं की लगेच कळतं.

मांडवी_गेट
आता सविस्तर. मी चार वर्षांपूर्वी चूक केली ती तुम्ही करू नका. वजन ७८, त्यामुळे सगळे म्हणाले मिडियम, आणि मीही हौसेने तेच घेतलं. पाय मावावे म्हणून बूट काढले, नुसते मोजे घातले. तेवढ्याने पुरेना म्हणून सीट मागच्या भोकांत सरकवली. तेव्हा पाय बसले, आणि आमच्या इथल्या स्विमिंग पुलात सगळं मस्त वाटलं. (विश्वामित्रीत सराव का करत नाही असं विचारू नका, तिथे मगरी आहेत आणि त्या रोल आपल्यापेक्षा फार चांगला करतात!)

पुढच्या हिवाळ्यात ऋषिकेशला नेली. एका मध्यम रॅपिडखाली उलटलो, पहिला रोल चुकला, दुसरा चुकला, स्प्रेडेकची दोरी ओढली, डेक सुटलं, आणि मी बाहेर येईना. गुडघे थाय ब्रेसखाली (मांड्या धरून ठेवणाऱ्या आतल्या कडांखाली) आणि पावलं पुढे अडकलेली. किती सेकंद गेले माहीत नाही, पण त्या काळात मला घरचे सगळे आठवले. मित्राने त्याच्या बोटीचं नाक माझ्या हातात दिलं, ते धरून वर आलो म्हणून वाचलो. त्या दिवसापासून माझा नियम एकच: ज्या बोटीतून कोरड्या जमिनीवर, डोळे मिटून, हात न टेकता झटक्यात बाहेर येता येत नाही ती बोट आपली नाही. मग ती कितीही सुंदर खेळो.

फिजिओ_ताई
मांडवी_गेट, वाचून अंगावर काटा आला. बरं झालं लिहिलंत.

मी इंदूरला फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः नवशिकी कयाकर आहे. पाय झोपण्याबद्दल सांगते, कारण लोक ते सहन करायची गोष्ट समजतात. प्लेबोटीत गुडघे बाहेर वळलेले, पावलं टोकदार ताणलेली, आणि सीट जवळजवळ तळाशी. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असले (ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्या बहुतेक सगळ्यांचे असतात) तर कंबर मागे गोल होते आणि सगळा भार बैठकीच्या मागच्या भागावर येतो. तिथून पायाकडे जाणारी मोठी नस जाते. वर सीटची पुढची कड मांडीत रुतत असेल तर झालंच. यावर दोन गोष्टी करून बघा: मांडीखाली, सीटच्या पुढच्या कडेला उतरता फोम, म्हणजे मांडीला आधार मिळतो. आणि रोज मांडीच्या मागचं स्ट्रेचिंग, महिनाभर, एकही दिवस न चुकवता. बॅकबँड (कमरेमागचा आधाराचा पट्टा) खूप आवळू नका.

पण पाऊलच मावत नसेल तर हे सगळं व्यर्थ. हाडाला स्ट्रेचिंग नसतं.

जीवाजीगंज
ग्वाल्हेरवरून. विषयाशी थोडा संबंध: माझा बूट ११ नंबर, मी बोटीत बूटच घालत नाही. एकदम अनवाणी. कधी त्रास नाही झाला.

रेवा_तीर
जीवाजीगंज भाऊ, असं करू नका आणि इथे वाचणाऱ्या नवीन मुलांना तर मुळीच सांगू नका. मी महेश्वरचा, स्लॅलमवाला (टांगलेल्या फाटकांतून वळत जायची शर्यत). आमच्या नर्मदेतल्या सहस्रधारेत तळाला काळा बसाल्ट आहे, धारेने घासून कुठे गुळगुळीत तर कुठे सुरीसारखा. पोहत बाहेर यायची वेळ आली की तळवा फाटतो. मी स्वतः टाके घालून घेतलेत, तेही पाणी कमी असताना.

जीवाजीगंज
हे डोक्यात नव्हतं आलं. खरंय तुमचं.

मांडवी_गेट
मधला रस्ता आहे ना. पातळ तळव्याचे निओप्रीनचे बूट, टाचेला जाड रबर नसलेले. साध्या वॉटर शूजपेक्षा पाऊण-एक सेंटिमीटर वाचतो. १२ नंबरच्या पायाला तेवढंही फार झालं.

जुनी_होडी
पोरांनो, ही तक्रार नवी नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत स्क्वर्ट बोटी निघाल्या, चपट्या, पाण्याखाली जाण्यासाठीच केलेल्या. त्या माणसाच्या मापाने बनवायच्या: वजन किती, पाय किती लांब, बूट किती नंबर, हे सगळं विचारून साच्यातून काढलेली बोट कापून बारीक करायचे, आणि डेकवर पावलांसाठी दोन फुगवटे ठेवायचे. शिंप्याकडे सदरा शिवतो तसं! आज प्लास्टिकच्या बोटी साच्यात ओतून निघतात, तीन-चार साइज, त्यातलं जे बसेल ते. म्हणून फुगवटे बघायची सवय लावा. दोन बोटींचे लिटर सारखे असले तरी एकीत हवा नाकाजवळ उंच असते आणि दुसरीत बाजूंना पसरलेली. उंच माणसाला पहिली हवी.

घरी मापून घ्यायची युक्ती सांगतो. भिंतीला पाठ आणि बैठक टेकवून जमिनीवर बसायचं, गुडघे थोडे वर आणि बाहेर, बोटीत बसतो तसे. पावलं ताणून टोकदार करायची. मग भिंतीपासून पायाच्या चवड्यापर्यंतचं अंतर मोजायचं, आणि त्या अवस्थेत जमिनीपासून अंगठ्याच्या टोकापर्यंतची उंची. हे दोन आकडे खिशात ठेवा. विकणाऱ्याला सांगायचं, बाबा, सीटच्या पाठीपासून एवढ्या अंतरावर आत हात घालून डेकची उंची मोज. तुमच्या अंगठ्यापेक्षा दोन बोटं तरी जास्त भरली पाहिजे. नाही भरली तर पाचशे किलोमीटर जाऊन बसून बघायची गरज नाही.

रामबागकर
काका, आत्ता मोजलं. आईने विचारलं भिंतीला टेकून काय करून राहिलास, म्हटलं होडीचं माप घेतोय, तर म्हणाली आधी नोकरीचं माप घे. चवड्यापर्यंत ९८ सेंटिमीटर, अंगठ्याची उंची बूट घालून २४.

कुंडलिका_काठी
२४! मग मिडियम विसराच.

मांडवी_गेट
सीट मागे सरकवण्याचं राहिलं होतं. मी सरकवली तेव्हा पाय बसले पण बोट शेपटीवर बसायला लागली. लाटेवर नाक वर, मागची कड सारखी पकडली जायची, आणि कारण न कळता मी मागच्या मागे पडायचो. नंतर एकाने काठावरून बघून सांगितलं, अरे तुझी शेपूट पाण्यात आहे आणि नाक हवेत. तर सीट हलवली की स्थिर पाण्यात कुणाला तरी बाजूने बघायला सांगा, दोन्ही टोकांच्या कडा पाण्यापासून साधारण सारख्या उंचीवर हव्यात. फोटो काढला तर उत्तम.

ट्रेंट_काठचा
+१. मागे सरकवण्यापेक्षा सीट उचला. खाली दोन सेंटिमीटर फोम. बैठक वर गेली की पाय वरून खाली उतरतात आणि तेवढ्याच बोटीत जागा वाढल्यासारखी वाटते. ट्रिम, म्हणजे पुढच्या-मागच्या टोकांचा तोल, बिघडत नाही. उंच लोकांसाठी माझ्या मते यापेक्षा उपयोगी युक्ती नाही.

कुंडलिका_काठी
इथे मी असहमत. उंच माणसाचा गुरुत्वमध्य आधीच वर, त्यात सीट उचलली की बोट डगमगते. नवीन माणूस घाबरतो आणि मग अंग आखडून बसतो, ते तर आणखी वाईट.

ट्रेंट_काठचा
डगमगते, मान्य. चार-पाच वेळा गेलं की अंगाला सवय होते. पाय झोपलेले असताना स्थिर बोट काय कामाची? आणि कडेवर बोट उभी करायला ती थोडी डगमगती असलेली बरीच असते.

फिजिओ_ताई
दोघांचंही खरं आहे. मी स्वतः दीड सेंटिमीटरपासून सुरुवात केली. एक लक्षात ठेवा, मांड्या भरलेल्या असतील तर सीट उचलल्यावर त्या थाय ब्रेसखाली दाबल्या जातात. म्हणजे बाहेर येणं पुन्हा अवघड. फोम चिकटवण्याआधी नुसता ठेवून मांडवी_गेटची डोळे मिटून परीक्षा परत द्या.

जीवाजीगंज
हाफ-स्लाइसचं कोणी काढलंच नाही अजून? पुढचा भाग नदीच्या बोटीसारखा भरीव, मागचा भाग पातळ. डॅगर रिवाइंड, पिरान्हा रिपर, जॅक्सन अँटिक्स. सगळ्या लार्जमध्ये निघतात आणि पुढे हवा असल्यामुळे पायाला जागाच जागा. मी तेच चालवतो.

रेवा_तीर
पण त्यांना लूप करायचाय. हाफ-स्लाइसची शेपूट बुडते, बोट मागच्या टोकावर उभी राहते, मजा खूप येते, पण लांब असते आणि नाक सहज खाली जात नाही. लूपसाठी सहा फुटांच्या आसपासची खरी प्लेबोटच हवी.

जीवाजीगंज
दुसऱ्या वर्षी लूप कोण करतं भिया? आधी नदी वाचायला शिका. हाफ-स्लाइसमध्ये नदीही होते आणि खेळही. प्लेबोट घेऊन अख्खी नदी उतरायची म्हणजे प्रत्येक होलमध्ये (पाणी मागे वळून बोट धरून ठेवतं तिथे) अडकायचं.

रामबागकर
जीवाजीगंज, तुमचं म्हणणं पटतंय पण मन मानत नाही. नदी उतरायला भाड्याची बोट मिळते. खेळायची बोट भाड्याने मिळत नाही, निदान माझ्या पायाची तर नाहीच. फ्रीस्टाइल स्पर्धेतल्या ४५ सेकंदांच्या फेऱ्या बघतो तेव्हा माझे हात आपोआप हलतात. मला तेच शिकायचंय.

जुनी_होडी
मग तेच शीक. मन लागतं तिथेच माणूस हजार वेळा उलटून परत उठतो.

रेवा_तीर
रामबागकर, तुम्ही सराव कुठे करणार? सहस्रधारेचा विचार असेल तर नीट वाचा. इंदूरहून नव्वदेक किलोमीटर, जवळ आहे म्हणून तुम्ही येणारच. २०२३च्या खेलो इंडिया युवा स्पर्धेतलं कनू स्लॅलम इथेच झालं. पण स्लॅलमची बोट निदान साडेतीन मीटर लांब, ती पाण्यावरून पळते. प्लेबोट उभी राहते, म्हणजे तिला खोली लागते. टोक खाली घालायचं तिथे तुमच्या उंचीएवढं तरी पाणी हवं, आणि तुमची उंची तर बघा! बऱ्याच धारा उथळ आहेत. पाणी उतरलेलं असताना चालत येऊन खडक बघून ठेवा, मी दाखवीन. आणि वर ओंकारेश्वरचं धरण आहे, तिथून पाणी सुटलं की इथली पातळी बघता बघता वाढते. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय, एकट्याने, कधीही उतरायचं नाही.

अजून एक. लोक इथे परिक्रमा करत येतात, स्नान करतात. सहस्रार्जुनाने हजार हातांनी रेवेला अडवलं आणि ती त्याच्या हातांमधून हजार धारांनी निसटली, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. स्नानाच्या जागेवरून बोट आपटत नेऊ नका, उचलून न्या.

रामबागकर
दादा, नक्की. तुमच्याशिवाय उतरणार नाही.

कुंडलिका_काठी
हजार हात असते तर डावा रोलसुद्धा लागला असता 😀

फिजिओ_ताई
😂 बोट टपावर बांधून न्याल तेव्हा जामघाटाने जाणार की मानपूरवरून? जामघाटात वळणांवर आमची बोट एकदा सरकली होती. पुढून-मागून दोरी बांधा, नुसते पट्टे पुरत नाहीत.

रेवा_तीर
मानपूर-धामनोदवरून या. जामघाटातला जामदरवाजा बोट नसताना बघा, पावसाळ्यात.

मांडवी_गेट
आणि वल्हं? ६ फूट ३ला प्लेबोटीसाठी १९७ ते २०० सेंटिमीटर. क्रीक बोटीचं लांब वल्हं प्लेबोटीत वापरू नका, खांद्याला त्रास होतो.

*(तीन आठवड्यांनंतर)*

रामबागकर
मंडळी, ऋषिकेशहून परत आलो. तीन बोटींत बसलो, तुम्ही सांगितलं तसं आकडे खिशात घेऊन.

एक मिडियम प्लेबोट, फोनवर आधीच म्हटलं होतं आत मोजा, तर म्हणाले "बसेल साहेब". गेल्यावर मोजलं, २२ भरली. बसलोसुद्धा नाही. दुसरी लार्ज हाफ-स्लाइस. जीवाजीगंज, तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के खरं, पाय लांब करून झोपता येईल एवढी जागा. एक दिवस चालवली, शेपटीवर उभी राहिली तेव्हा ओरडलोच. तिसरी प्रोजेक्ट एक्स ६४. जुनी, तळाला ओरखडे, एका ठिकाणी प्लास्टिक थोडं पांढरं पडलंय पण तडा नाही, उन्हात धरून आतून बघितलं. पाऊल गेलं! बूट घालून, पातळ तळव्याचा, वर बोटभर जागा उरली. सीट मूळ जागी ठेवली, खाली दीड सेंटिमीटर फोम नुसता सरकवला. डोळे मिटून बाहेर यायची परीक्षा दहा वेळा दिली जमिनीवर, मग काठाच्या शांत पाण्यात उलटा होऊन सहा वेळा, बाजूला मित्र उभा. दहाच्या दहा आणि सहाच्या सहा. पाय चाळीस मिनिटं जागे होते, त्यानंतर डावा थोडा मुंग्या आल्यासारखा.

६४ घेतली. पुढच्या हिवाळ्यात पैसे उरले तर हाफ-स्लाइससुद्धा घेईन, एवढी आवडली. बोट दोन जुन्या रजयांत गुंडाळून ट्रान्सपोर्टने परवा आली, सध्या हॉलमध्ये आहे आणि आई तिच्यावरून रोज फडकं फिरवते.

जुनी_होडी
शाब्बास. २२ भरल्यावर बसलाच नाहीस हे सगळ्यात आवडलं.

कुंडलिका_काठी
अभिनंदन! लार्जच निघाली की शेवटी. पण फोम चिकटवू नका अजून, पाच-सहा वेळा चालवून बघा.

ट्रेंट_काठचा
मस्त निवड. ट्रिमचा फोटो टाका, बाजूने.

रामबागकर
रविवारी महेश्वरला शांत पाण्यात उतरवतोय, रेवा_तीर दादा असणार आहेत. तेव्हा काढतो.

फिजिओ_ताई
डाव्या मांडीखाली उतरता फोम लावलात का? मुंग्या फक्त डावीकडे येतायत म्हणजे हिप पॅड (कमरेच्या बाजूंची गादी) एका बाजूला जास्त जाड असेल, तेही बघा. रविवारी मीही येते, पोहे आणते.